मेणाआधी मीठ काढा: किनाऱ्यावरच्या घरातलं लाकूड, हत्यारं आणि मेणाचं पॉलिश

जांभाघर (वेंगुर्ला) · २४ मे, रात्री ९:१०

मे संपत आला की आमच्याकडे दोन कामांची घाई होते, शाकारणी आणि हत्यारांची पेटी. शाकारणीला माणसं लावतो. पेटी मात्र मीच काढतो. त्यात आजोबांचे दोन लोखंडी रंधे आहेत, सहा पटाश्या, वाकस, गिरमिट आणि तीन करवती. शिवाय माजघरातलं फणसाचं कपाट आणि ओटीवरचा सागवानी झोपाळा याच आठवड्यात हाताखालून जातात. घर समुद्रापासून पाऊण किलोमीटरवर आहे. पश्चिमेचा वारा सुटला की खिडकीच्या गजांवर जीभ लावली तर खारट लागते, एवढं मीठ हवेतून येतं.

पेस्ट वॅक्स, म्हणजे डब्यात मिळणारं मऊ मेणाचं पॉलिश, मी सहा वर्षं वापरतोय. पहिली दोन वर्षं चुकीचं वापरलं. पहिल्या वर्षी जुलैत रंध्याच्या तळावर गंज दिसला. लगेच पॉलिश पेपर मारला, कोरड्या फडक्यानं पुसलं आणि वर मेण चोपडलं. वाटलं, आता झाकलं गेलं. गणपतीनंतर पेटी उघडली तर मेणाच्या खालून तपकिरी पुळ्या वर आल्या होत्या. मेण जागच्या जागी होतं आणि गंज त्याच्या पोटात वाढत होता. आजोबांनी चाळीस वर्षं जपलेल्या तळाला खड्डे पडले, ते आजही आहेत. त्या खड्ड्यांमुळेच हा धागा काढतोय.

चूक ही की मी गंज काढला, मीठ काढलं नाही. मीठ घासून जात नाही, ते पाण्यानंच जातं. मेण खालचं काही बरं करत नाही, जे असेल ते तसंच बंद करून ठेवतं. खाली कोरडं स्वच्छ लोखंड असेल तर ते टिकतं. खाली मीठ असेल तर तेही टिकतं.

आता मी असं करतो. गंज असेल तो बारीक स्टील वूलनं काढतो. मग हत्यार कढत गोड्या पाण्यानं दोनदा धुतो. पाणी गोडंच हवं. आमच्या खालच्या वाडीतल्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, तिथल्या पाण्यानं धुतलं तर सगळी मेहनत वाया. पाणी कढत घेण्याचं कारण म्हणजे लोखंड तापतं आणि पुसल्यावर क्षणात सुकतं. मग स्पिरिटचा बोळा फिरवतो आणि अर्धा तास उन्हात पत्र्यावर ठेवतो. हाताला चटका बसण्याच्या जरा आधी उचलायचं आणि हत्यार गरम असतानाच मेण लावायचं. कोमट धातूवर मेण पातळ होऊन बारीक चऱ्यांत उतरतं. दहा-पंधरा मिनिटांनी ते धुरकट दिसू लागलं की सुती कापडानं खसाखसा पुसायचं, पुसून काही उरलं नाही असं वाटेपर्यंत. जे उरतं ते डोळ्याला दिसत नाही आणि तेवढंच लागतं. दुसऱ्या दिवशी आणखी एक हात.

लाकडाचं थोडं वेगळं आहे, ते खाली लिहितो. तुम्ही काय करता ते वाचायला आवडेल.

---

जांभाघर · २४ मे, रात्री ९:४५

लाकडाबद्दल. लाकडावर पाणी ओतायचं नाही. गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला फडका तंतूंच्या दिशेनं फिरवायचा, पाणी बदलून पुन्हा एकदा, आणि लगेच कोरडं करायचं. आमच्या कपाटावर तीस वर्षांचा धुराचा आणि तेलकट हातांचा थर होता. तो पाण्यानं हलेना, तेव्हा टर्पेंटाइनचा फडका घेतला. पाच फडके काळे झाले आणि खालून फणसाचा तो मधासारखा रंग वर आला. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, मी लग्न होऊन आले तेव्हा हे असंच होतं. (नवा फणस पिवळाधमक असतो आणि उजेडानं तपकिरी होत जातो. मेण तो बदल थांबवत नाही आणि थांबवूही नये.)

त्यानंतर दोन पातळ हात. नवीन पॉलिश केलेलं नाही, जुनंच पॉलिश खाली आहे. मेण पॉलिशची जागा घेत नाही. त्याच्यावर बसून बारीक ओरखडे भरून काढतं आणि दमट हवेला जरा उशीर लावतं. थांबवत नाही, फक्त उशीर लावतं.

---

सातेरी (दापोली) · २५ मे, सकाळी ७:२०

धागा फार कामाचा आहे. मी मधमाश्या पाळते, नावावरून कळलंच असेल (सातेरी ही मधमाशीची एक जात). बाजारचा डबा न आणता घरी करायचं असेल तर माझं प्रमाण: १०० ग्रॅम शुद्ध मधमाशीचं मेण, ३०० मिली टर्पेंटाइन. आपल्या उकाड्यात नुसतं मेण हाताला चिकट लागतं, म्हणून त्यात २० ग्रॅम कार्नोबा घालते. कार्नोबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण आहे. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं आणि कार्नोबा ८२च्या पुढे, म्हणून थर कडक बसतो. पण कार्नोबा जास्त झाला तर पुसताना हात भरून येतात.

मेण कधीही थेट आचेवर ठेवू नका. पातेल्यात पाणी, त्यात डबा, असं वितळवा. वितळलं की आच बंद करा, डबा अंगणात न्या आणि मगच टर्पेंटाइन ओता. टर्पेंटाइनची वाफ ३५ अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते, म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी आपल्या स्वयंपाकघरात ती आधीच त्या टप्प्यावर असते. चुलीजवळ हा उद्योग करू नका, ही हात जोडून विनंती.

आणि मेण विकत घेताना तोडून बघा. खरं मेण तुटताना दाणेदार तुटतं आणि मधाचा वास येतो. मेणबत्तीच्या मेणाची भेसळ फार असते.

---

गिरमिट (सावंतवाडी) · २५ मे, दुपारी १:०५

मी सुतार. वडील सुतार, आजा सुतार. जांभाघर यांनी मिठाचं लिहिलंय ते शंभर टक्के खरं. माझ्याकडून थोडी भर.

एक, टर्पेंटाइन म्हणून हार्डवेअरच्या दुकानात जो डबा मिळतो तो बहुतेक वेळा खनिज टर्पेंटाइनचा असतो, पेट्रोलियमपासून केलेला. चिडाच्या डिंकापासून काढलेलं वेगळं, त्याचा वास जंगलासारखा येतो. मेण दोन्हीत विरघळतं, काम दोन्हींनी होतं. फक्त दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

दोन, लाखेच्या पॉलिशवर टर्पेंटाइनचं मेण बिनधास्त लावा. लाख टर्पेंटाइनमध्ये विरघळत नाही, ती विरघळते स्पिरिटमध्ये. म्हणून वर सांगितलेला स्पिरिटचा बोळा फक्त लोखंडाला. लाखेचं पॉलिश असलेल्या कपाटावर तो फिरवला तर पॉलिश फडक्याला येईल. आमच्या सावंतवाडीच्या लाखकामाच्या खेळण्यांना आणि पाटांनाही हेच लागू. परवाच एक बाई लाखेचा पाट घेऊन आल्या, सॅनिटायझरनं पुसलेला. अर्धा रंग गेलेला. बघून जीव तुटला.

तीन, पावसात खण अडकतो म्हणून लोक तो तासून घेतात. तासू नका. लाकूड पावसात आडवं फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. दिवाळीनंतर ते परत बसतं आणि तासलेला खण खुळखुळा होतो. खणाच्या पट्ट्यांना साधी मेणबत्ती घासा, सरकेल. रंध्याच्या तळावरही काम करताना मेणबत्तीची एक नागमोडी रेघ ओढा, निम्मं बळ वाचतं. स्क्रूलाही मेणच लावा. बरेच जण साबण लावतात. साबण ओल धरतो आणि स्क्रू आतल्या आत गंजून लाकडात तुटतो.

---

बंद_घर (सध्या डोंबिवली, घर गुहागर) · २५ मे, रात्री १०:३०

नमस्कार. आमचं गुहागरचं घर जून ते गणपती बंद असतं. दरवर्षी उघडलं की सासूबाईंच्या शिसवी कपाटावर पांढरी-हिरवी बुरशी. गेल्या वर्षी कोणीतरी सांगितलं म्हणून जूनमध्ये निघताना खोबरेल तेल चोळून आले. गणपतीत उघडलं तर बुरशी दुप्पट आणि वास वेगळाच. मेण लावलं तर बुरशी येणार नाही का? कपाट त्यांच्या माहेरचं आहे. ते माझ्या हातून खराब झालं तर मला फार वाईट वाटेल, म्हणून आधी विचारते.

---

जांभाघर · २५ मे, रात्री ११:१५

ताई, काळजी करू नका, शिसव चिवट असतं. खोबरेल तेल कधीच सुकत नाही. ते वर ओलंच राहतं, धूळ धरतं, खवट होतं आणि बुरशीला आयतं जेवण मिळतं. जवसाचं कच्चं तेलही आपल्या पावसात हेच करतं. मेण हे बुरशीचं फारसं खाणं नाही, म्हणून फरक नक्की पडेल. पण बुरशी येणारच नाही असं मी सांगणार नाही. हवा कोंडलेली असेल तर ती मेणावरच्या धुळीवरही येते.

आता, घर बंद व्हायच्या आधी हे करा. टर्पेंटाइनच्या फडक्यानं तेल पूर्ण काढा, आतून आणि पाठीमागूनही. पाठ सगळे विसरतात, आणि भिंतीची ओल पाठीलाच लागते. दोन दिवस कडक उन्हाच्या वेळी दारं उघडी ठेवून कपाट वाळू द्या, पण थेट उन्हात नको, फळ्या तडकतील. मग दोन पातळ हात मेणाचे. कपाट चिऱ्याच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, पायांखाली लाकडी ठोकळे द्या, आणि जाताना कपाटाची दारं किलकिली ठेवा. यातली शेवटची गोष्ट फुकट आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाची.

तेलाचे फडके चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचा फडका गोळा करून ठेवला तर आपोआप तापून पेट घेतो, खोटं नाही. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

---

रसायन_मास्तर (रत्नागिरी) · २६ मे, सकाळी ६:४०

मिठाचं कारण सांगतो, बत्तीस वर्षं हाच विषय शिकवला. साधं मीठ सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. तुमच्या घरातल्या मिठाच्या बरणीत जूनमध्ये पाणी सुटतं ते यामुळेच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांपासूनच ओलं राहतं. म्हणजे हत्यारावर मिठाचा कण असेल तर आपल्या किनाऱ्यावर तो भर उन्हाळ्यातही पूर्ण कोरडा होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता बहुतेक दिवस ८०च्या वरच असते, तेव्हा त्या कणाभोवती खाऱ्या पाण्याचा सूक्ष्म थेंब कायमचा बसलेला असतो. त्यातला क्लोराइड लोखंडाचा स्वतःचा संरक्षक पापुद्रा फोडत राहतो. गंजात तो खपून जात नाही, तिथेच राहून पुन्हा पुन्हा तेच काम करतो. म्हणून एक डाग पडला की तो पसरतो.

जांभाघर यांना दिसलेल्या पुळ्या म्हणजे हेच. मेणाचा थर बाहेरून येणारी ओल बरीच अडवतो, पण पूर्ण नाही, आणि आतला क्लोराइड जेवढं मिळेल तेवढ्यावर काम चालवतो.

लाकडाचंही गणित आहे. हवा ६५ टक्के आर्द्र असेल तर लाकडात सुमारे १२ टक्के पाणी असतं, ९० टक्के असेल तर २०च्या आसपास. कुजवणारी बुरशी साधारण २० टक्क्यांच्या वर जोर धरते. मेणानं लाकूड १२चं २० व्हायला जास्त दिवस घेतं आणि मधल्या उघडिपीत परत उतरतं. म्हणून घरात हवा खेळती ठेवणं आणि मेण लावणं ही दोन्ही एकाच कामाची अर्धी-अर्धी आहेत.

---

माडाबनी (मालवण) · २६ मे, दुपारी ३:५०

माझो एक प्रश्न आसा. आवशीची जुनी आडाळी (विळी) आसा घराक, पन्नासेक वर्सांची. पावसात तिका सारखो गंज धरता. ह्या मेण तिका लायलेला चलात काय? खोबरा खवताना पोटात जायत म्हणान विचारतंय.

---

गिरमिट · २६ मे, सायंकाळी ६:००

नको रे बाबा. टर्पेंटाइनचं मेण खाण्याच्या वस्तूला लावायचं नाही. आडाळी वापरून झाली की धुवायची, चुलीच्या उबेला सुकवायची आणि पात्याला खोबरेलाचं बोट फिरवायचं. ती रोज वापरात असते आणि रोज धुतली जाते, त्यामुळे तेल खवट व्हायला वेळच मिळत नाही. खालच्या लाकडी पाटाला, पोळपाटाला, लाटण्याला एक वाटी मेण आणि चार वाट्या खोबरेल वितळवून केलेला मलम लाव. पातळ लाव आणि रात्रभरानं पुसून घे. आवशीची आडाळी टाकू नको. तसं पातं आता बनवून मिळत नाही.

---

सातेरी · २६ मे, सायंकाळी ६:२५

हाच मलम मी विकते. मेण फडक्यातून गाळून घेतलेलं असलं म्हणजे झालं.

---

समई (आचरा) · २७ मे, सकाळी ११:००

पितळेचं विचारायचं होतं. आमच्या झोपाळ्याच्या कड्या पितळी आहेत, चिंच आणि राखेनं घासल्या की चार दिवस लखलखतात, मग काळवंडतात. मेण चालेल का? आणि समया?

---

जांभाघर · २७ मे, दुपारी २:३०

कड्यांना छान चालतं, आमच्याही आहेत. चिंच, आमसूल जे वापराल ते आंबट आहे, म्हणून नंतर भरपूर पाण्यानं धुवा. आंबट राहिलं तर मेणाखाली हिरवं धरतं. पूर्ण सुकल्यावर मेण. आमच्या कड्या जानेवारीत घासलेल्या, अजून पिवळ्या आहेत. कडीत कडी घासते तिथे मेण लवकर जातं, तिथे महिन्यानं पुन्हा बोट फिरवायचं. त्यानं करकरही कमी होते आणि ग्रीससारखे कपड्यांना डाग पडत नाहीत.

समईला मात्र फक्त खांब आणि बैठक. वरच्या तबकाला नको. तिथे ज्योतीची ऊब ६२ अंशांच्या वर जाते आणि मेण वितळून तेलात उतरतं.

---

बीडाचं_टेबल (महाड) · २८ मे, रात्री ८:१५

माझं छोटं वर्कशॉप आहे. गोल करवतीचं टेबल बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. समुद्र लांब असला तरी पावसात एका रात्रीत नारिंगी होतं. मीही पेस्ट वॅक्सच वापरतो. लाकूड टेबलावरून सरकतंही छान.

एक सावधगिरी. गाडीचं वॅक्स वापरू नका. पुष्कळशा गाड्यांच्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. ते टेबलावरून लाकडाला लागतं आणि त्या लाकडावर पुढे पॉलिश मारलं की माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या जेवणाच्या टेबलावर हे झालं. तीन वेळा घासून पुन्हा करावं लागलं, तेव्हा कारण सापडलं.

बिनरंगी बुटाचं पॉलिशही शेवटी मेण आणि द्रावकच असतं. अडीअडचणीला पटाशीला लावलंय, चाललं. फर्निचरला नको, वास जात नाही.

आणि कोणी विचारायच्या आधी: सनमायका लावलेल्या प्लायला मेण लावून काही होत नाही. मेण वाळवीही थांबवत नाही, भुंगाही नाही. भोकातून पीठ पडत असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा.

---

बंद_घर · ३ जून, रात्री ९:४०

या शनिवार-रविवारी गुहागरला जाऊन आले. तेल काढायला चार तास लागले, टर्पेंटाइनचा अख्खा लिटर गेला. पाठीमागे फळीवर सासूबाईंच्या वडिलांच्या हातची पेन्सिलची मापं निघाली, गज आणि तसू या जुन्या मापांत. तिथे टर्पेंटाइन लावलं नाही, नुसतं कोरडं पुसलं आणि मेणाचा अगदी हलका हात दिला. सासूबाईंना फोनवर फोटो दाखवला. बराच वेळ बोलल्याच नाहीत.

कपाट पुढे ओढलं, ठोकळे दिले, दारं किलकिली ठेवली.

---

गिरमिट · ३ जून, रात्री १०:०५

पेन्सिलीवर टर्पेंटाइन फिरवलं नाहीत हे फार शहाणपणाचं केलंत. तसूमध्ये मापं म्हणजे जुना कारागीर.

---

बंद_घर · १५ सप्टेंबर, सकाळी १०:२०

धागा वर आणते. घर उघडलं. कपाटाच्या पुढच्या बाजूला काही नाही. पाठीला खाली, जमिनीलगत, हाताच्या पंजाएवढी पांढरी भुरी होती, कोरड्या फडक्यानं गेली. आतल्या साड्यांना वास नाही. खालचा खण अडकलाय, तो तासला नाही, मेणबत्ती घासली, आता अर्ध्यापर्यंत येतो. जिथे भुरी होती तिथे पुन्हा मेण आत्ताच लावू का?

---

जांभाघर · १५ सप्टेंबर, दुपारी १:००

ताई, आत्ता नको. फळी अजून ओली आहे, बंद होऊन बसेल. ऑक्टोबरचं ऊन चार-पाच दिवस खाऊ दे, तोवर खणही आपोआप पूर्ण उघडेल. मग टर्पेंटाइनचा एक फडका आणि एक पातळ हात. आणि त्या कोपऱ्यातली भिंत बाहेरून बघा, तिथे कौलाची पन्हळ गळत असणार.